पोषक आहाराचे खर्चमापन

पोषक आहाराचे खर्चमापन : आरोग्यास आवश्यक असा आहार एखाद्या प्रदेशात कमीत कमी किती खर्चात मिळू शकतो आणि तो तेथील कुटुंबांच्या उत्पन्नाच्या आवाक्यात आहे किंवा नाही, याचे खाद्यपदार्थांच्या बाजारभावांवरून ठराविक काळाने केलेले मापन. या मापनाची दोन अंगे आहेत. पहिल्या अंगात शास्त्रीय आहारमानानुसार लागणाऱ्या पदार्थांची प्रचलित भावाने किंमत काढतात. दुसऱ्या अंगात या किंमतीची मजुरीशी, उत्पन्नाशी किंवा कुटुंबाच्या खर्चाशी तुलना करून क्रयक्षमता ठरवितात.

महागाई मोजणाऱ्या ग्राहक किंमत निर्देशांकाहून हे मापन तत्त्वतः भिन्न आहे. लोक प्रत्यक्षात जे पदार्थ विकत घेतात त्यांचे भाव किती बदलले, हे निर्देशांक सांगतो. लोकांनी जे खावयास हवे ते विकत घेणे त्यांना शक्य आहे काय, हा आहारखर्चाच्या मापनाचा प्रश्न आहे. ज्या कुटुंबाला फळे व दूध मुळातच परवडत नाहीत, त्याच्या खरेदीत या पदार्थांचा वाटा नगण्य असतो. म्हणून त्यांचे भाव दुप्पट झाले, तरी त्या कुटुंबाच्या खरेदीवर आधारलेला निर्देशांक फारसा हलत नाही. गरिबाच्या ताटात जे नाही, त्याला निर्देशांकात भार नाही. ही उणीव भरून काढणे, हे प्रस्तुत मापनाचे मुख्य प्रयोजन होय. या नोंदीत त्याची तत्त्वे सांगून, ठाणे जिल्ह्यातील सिद्धगडच्या परिसरात, म्हणजे मुरबाड व शहापूर तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात, ती कशी लागू पडतात याचा विचार केला आहे.

इतिहास : किमान आहाराची किंमत काढून तिची उत्पन्नाशी तुलना करण्याचा भारतातील प्रारंभीचा प्रयत्न दादाभाई नवरोजी यांचा आहे. हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरील आपल्या विवेचनात त्यांनी १८६७–६८ च्या भावांच्या आधारे निर्वाहास लागणारा दरडोई वार्षिक खर्च प्रांतपरत्वे १६ ते ३५ रुपये ठरविला. त्यासाठी त्यांनी परदेशी जाणाऱ्या मजुरांना जहाजावर देण्यात येणारा शिधा व तुरुंगातील कैद्यांवरील खर्च यांचा आधार घेतला. सरकार कैद्याला जे पुरविते, तेवढेही सामान्य प्रजेला मिळत नाही, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता.

हीच तुलना पुढे मुंबईत आकडेवारीच्या आधारे झाली. १९२१ मध्ये मुंबई सरकारचे कामगार कार्यालय स्थापन झाले व त्याने शहरातील कामगारांचा राहणीखर्चाचा निर्देशांक प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. कार्यालयाचे संचालक जी. फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी होऊन तिचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईचा औद्योगिक कामगार धान्याच्या बाबतीत दुष्काळसंहितेतील कमाल प्रमाणाइतके खातो. परंतु मुंबईच्या तुरुंगनियमावलीत कैद्यांसाठी सांगितलेल्या आहारापेक्षा त्याचा आहार कमी आहे, असा निष्कर्ष त्यात काढण्यात आला. गिरणगावातील कामगाराच्या ताटाचे मोजमाप असे कैद्याच्या ताटाशी लावले गेले.

आहारशास्त्राच्या प्रगतीबरोबर तुलनेची मापे बदलली. डब्ल्यू. आर. एक्रॉइड यांनी कुन्नूर येथील संशोधनाच्या आधारे १९३७ मध्ये भारतीय खाद्यपदार्थांची पोषणमूल्ये व समतोल आहाराची प्रमाणे प्रसिद्ध केली. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन ठरविताना प्रौढ व्यक्तीस रोज २,७०० कॅलरी व कुटुंबात तीन उपभोग एकके ही गृहीते स्वीकारली. अमेरिकेत जॉर्ज स्टिग्लर यांनी १९४५ मध्ये ७७ खाद्यपदार्थांमधून नऊ पोषक द्रव्यांची गरज भागविणारा स्वस्तात स्वस्त आहार शोधून काढला. १९३९ च्या भावाने त्याचा वार्षिक खर्च ३९.९३ डॉलर येत होता. १९४७ मध्ये नव्याने विकसित झालेल्या रेषीय प्रायोजनाच्या पद्धतीने तोच प्रश्न सोडविला असता उत्तर ३९.६९ डॉलर आले. गणिताच्या दृष्टीने हे यश मोठे होते. परंतु गव्हाचे पीठ, आटवलेले दूध, कोबी, पालक व वाळलेला घेवडा एवढ्यांवर वर्ष काढणारा मनुष्य मिळणे अवघड, हेही त्यातून स्पष्ट झाले.

वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ या पुण्यातील अर्थशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतातील दारिद्र्याच्या अभ्यासात, रोज दरडोई २,२५० कॅलरी पुरविणाऱ्या आहारास जेवढा एकूण खर्च करणारी कुटुंबे समर्थ असतात, त्या खर्चाची पातळी ही किमान मानली. नियोजन आयोगाच्या कृतिगटाने १९७९ मध्ये ग्रामीण भागासाठी २,४०० व नागरी भागासाठी २,१०० कॅलरी हे मान धरले व १९७३–७४ च्या भावाने दरडोई मासिक खर्चाच्या रेषा अनुक्रमे ४९.०९ व ५६.६४ रुपये ठरविल्या. कॅलरीच्या मानावर पां. वा. सुखात्मे यांनी आक्षेप घेतला. व्यक्तीची उष्मांकाची गरज दिवसागणिक बदलते, म्हणून सरासरी मानाखालील प्रत्येकास कुपोषित म्हणता येणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. दांडेकर व सुखात्मे यांच्यातील हा वाद महाराष्ट्रातील सामाजिक शास्त्रांच्या इतिहासात महत्त्वाचा मानला जातो. या रेषा पुढे किंमत निर्देशांकांच्या साहाय्याने वाढविण्यात आल्या. परंतु कालांतराने त्यांचा प्रत्यक्ष आहाराशी असलेला संबंध क्षीण होत गेला. सुरेश तेंडुलकर समितीने २००९ मध्ये दारिद्र्यरेषेची कॅलरीशी असलेली सांगड सोडून दिली.

एकविसाव्या शतकात लक्ष कॅलरीकडून आहाराच्या विविधतेकडे वळले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या २०२० च्या जागतिक अहवालात केवळ उष्मांक पुरविणारा, आवश्यक पोषक द्रव्ये पुरविणारा व आरोग्यदायी अशा तीन पातळ्यांवरील आहारांच्या खर्चांचे अंदाज देण्यात आले. २०२५ च्या अहवालानुसार आरोग्यदायी आहाराचा जागतिक सरासरी खर्च २०२४ मध्ये माणशी दररोज ४.४६ डॉलर (क्रयशक्ति-समानतेनुसार) होता व सु. २६० कोटी लोकांना तो परवडत नव्हता. नायजेरियाच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने असा खर्च दरमहा प्रसिद्ध करण्याची प्रथा सुरू केली आहे.

आहारमान : मापनाचा पाया म्हणजे प्रमाणित आहाराची टोपली. जागतिक तुलनेसाठी वापरली जाणारी टोपली २,३३० कॅलरींची असून तीत सहा अन्नगट आहेत : पिष्टमय मुख्य अन्न (१,१६० कॅलरी), प्राणिज पदार्थ (३००), कडधान्ये व तेलबिया (३००), तेल व स्निग्ध पदार्थ (३००), फळे (१६०) व भाज्या (११०). प्रत्येक गटातून त्या ठिकाणी त्या वेळी मिळणारे स्वस्तात स्वस्त पदार्थ निवडतात. ते एकूण अकरा असतात. पदार्थ स्थळकाळानुसार बदलतात. गटांची प्रमाणे मात्र स्थिर राहतात. त्यामुळे कोकणातील भात व सुकी मासळी आणि मराठवाड्यातील ज्वारी व तूर यांची एकाच मापाने तुलना करता येते.

भारतात यासाठी हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेची आहारमाने उपलब्ध आहेत. संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सु. २,००० कॅलरींच्या दैनंदिन ताटासाठी तृणधान्ये २५० ग्रॅम, डाळी (किंवा त्याऐवजी अंडी, मांस, मासे) ८५ ग्रॅम, तेलबिया व कवचफळे ३५ ग्रॅम, तेल व तूप २७ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम व दूध ३०० मिलि. अशी प्रमाणे दिली आहेत.

किंमतींची माहिती : भारतात खाद्यपदार्थांच्या भावांची नोंद अनेक यंत्रणा करतात. ग्राहक किंमत निर्देशांकाच्या २०१२ हे आधारवर्ष असलेल्या मालिकेसाठी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय १,१८१ गावांमधून व १,११४ नागरी बाजारांमधून भाव गोळा करीत असे. ग्रामीण मजुरांच्या निर्देशांकासाठी १९८६–८७ या आधारवर्षाच्या मालिकेत श्रम कार्यालय वीस राज्यांतील ६०० गावांच्या भावांचा उपयोग करीत असे. ग्राहक व्यवहार विभाग जीवनावश्यक वस्तूंचे दैनंदिन भाव नोंदवितो. ऑगस्ट २०२४ मध्ये या वस्तूंची संख्या २२ वरून ३८ करण्यात आली व नाचणी, ज्वारी, बाजरी, अंडी, वांगी, केळी इत्यादींचा तीत समावेश झाला. कृषी उत्पन्न बाजार समित्यांमधील घाऊक भाव ॲगमार्कनेट या व्यवस्थेद्वारा २००० पासून उपलब्ध आहेत.

ही माहिती मूलतः महागाई, आवक अथवा टंचाई जाणून घेण्यासाठी गोळा केली जाते. तिचा पोषणाच्या दृष्टीने उपयोग करण्यासाठी नव्या यंत्रणेची फारशी आवश्यकता नसते. त्याच भावांना निराळी, आहारमानानुसार ठरविलेली प्रमाणे लावावी लागतात. कल्याणी रघुनाथन, डेरेक हेडी व ॲना हर्फोर्थ यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ग्रामीण भारतातील २००१ ते २०११ या काळातील भाव व मजुरी यांची अशी सांगड घातली. या काळात आहाराचा खर्च बराच वाढला, तरी मजुरी त्याहून वेगाने वाढली. तथापि २०११ मध्ये ग्रामीण गरिबांपैकी ६३ ते ७६ टक्के लोकांना शिफारस केलेला आहार परवडण्याजोगा नव्हता, असे त्यांना आढळले. स्त्रियांची मजुरी कमी असल्याने तीमधील आहारखर्चाचा वाटा पुरुषांच्या मानाने मोठा होता.

गणनपद्धती : गणनेची रीत पुढील काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. त्यातील भाव केवळ हिशोबाच्या सोयीसाठी गृहीत धरलेले आहेत. धान्य ४० रु., डाळ १२० रु., शेंगदाणे १४० रु., तेल १५० रु., भाजी ४० रु. व फळे ५० रु. किलो, तसेच दूध ५० रु. लिटर असे भाव असल्यास वरील ताटाचा रोजचा खर्च धान्य १०.००, डाळ १०.२०, शेंगदाणे ४.९०, तेल ४.०५, भाजी १६.००, फळे ५.०० व दूध १५.०० मिळून ६५.१५ रु. होतो. यात धान्याचा वाटा सु. १५ टक्केच आहे. भाजी, डाळ व दूध या तिहींवर मिळून सु. ६३ टक्के खर्च होतो. पाच माणसांचे कुटुंब चार प्रौढ एककांइतके धरल्यास तीस दिवसांचा खर्च ७,८१८ रु. येतो.

या खर्चाची तुलना मजुरीशी करता येते. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावरील मजुरीचा दर २०२५–२६ मध्ये दिवसाला ३१२ रु. होता. एका व्यक्तीला महिन्यात वीस दिवस काम मिळाले, तर ६,२४० रु. हाती येतात, म्हणजे सर्व मजुरी अन्नावर घातली, तरी वरील ताट भरत नाही. दोघांना वीस दिवस काम मिळाल्यास १२,४८० रु. येतात व त्यांतील सु. ६३ टक्के रक्कम आहारास लागते. उरलेल्या रकमेत सरपण, कपडे, औषधे, प्रवास व शिक्षण भागवावे लागते.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली (२०१३) प्राधान्य कुटुंबांना दरमहा माणशी पाच किलो धान्य मिळते व जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. हे प्रमाण दिवसाला सु. १६७ ग्रॅम, म्हणजे ताटातील धान्याच्या दोनतृतीयांश होते. उदाहरणातील कुटुंबास त्यामुळे २५ किलो धान्याचे १,००० रु. वाचतात, ही मदत लहान नाही. तथापि भाजीचा भाव किलोमागे २० रुपयांनी वाढला, तर त्याच कुटुंबाचा खर्च महिन्याला ९६० रुपयांनी वाढतो आणि धान्यामुळे झालेली बचत जवळजवळ पूर्णपणे खर्ची पडते. भुकेचा प्रश्न धान्याने काही अंशी सुटतो. पोषणाचा प्रश्न ताटाच्या उरलेल्या भागात, बाजारभावाच्या हाती राहतो. म्हणूनच केवळ तांदूळ व गहू यांच्या भावांवर नजर ठेवून पोषणाची स्थिती समजत नाही.

सिद्धगड परिसर : सिद्धगड हा सह्याद्रीच्या कोकणाकडील उतारावरील किल्ला मुरबाड तालुक्यात असून तो भीमाशंकर अभयारण्याच्या क्षेत्रात येतो. भाई कोतवाल (विठ्ठल लक्ष्मण कोतवाल) व हिराजी पाटील यांना २ जानेवारी १९४३ रोजी येथे हौतात्म्य आले, यामुळे तो महाराष्ट्रास परिचित आहे. प्रस्तुत विषयाशीही या नावाचा संबंध आहे. भूमिगत लढ्यात उतरण्यापूर्वी कोतवालांनी सावकारांकडून चढ्या व्याजाने धान्य उचलणाऱ्या शेतकऱ्यांसाठी धान्यपेढ्या सुरू केल्या होत्या. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेल्याने तेथून येणारा तांदूळ बंद झाला. २ मे १९४३ पासून मुंबई शहरात शिधावाटप सुरू झाले. भात पिकविणाऱ्या डोंगरपट्ट्यातील कुटुंबालाही पावसाळ्यात भात विकत किंवा उसना घ्यावा लागतो, हे त्या धान्यपेढ्यांमागचे वास्तव होते.

या भागात ठाकर, कातकरी, महादेव कोळी व वारली या आदिवासी जमातींची वस्ती मोठी आहे. संपूर्ण शहापूर तालुका व मुरबाड तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. भात हे मुख्य पीक असून उतारावर नाचणी, वरी, उडीद व खुरासणी ही पिके घेतात. मुंबईला पाणी पुरविणारे तानसा व भातसा हे जलाशय शहापूर तालुक्यात असले, तरी डोंगरपट्ट्यातील शेती प्रायः पावसावर अवलंबून आहे. त्यामुळे भात काढल्यानंतर भाजीपाला व डाळी यांसाठी कुटुंबांना मुख्यत्वे बाजाराचा आधार घ्यावा लागतो.

आहारखर्चाच्या दृष्टीने येथील वर्ष तीन भागांत पडते. आश्विन-कार्तिकात भात घरात येतो व धान्याचा खर्च कमी होतो. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे उचल घेऊन कल्याण-भिवंडीकडील वीटभट्ट्यांवर जातात; तेथे आठवड्याच्या खर्चीतून शिधा भरावा लागतो व उरलेला हिशोब हंगामाच्या अखेरीस होतो. या काळात कुटुंबाची क्रयक्षमता वार्षिक मजुरीवर अवलंबून नसते, तर त्या आठवड्याच्या खर्चीवर अवलंबून असते. ज्येष्ठात कुटुंबे परततात आणि आषाढ-श्रावणात, शेतीची कामे जोरात असताना, घरातील धान्य संपत आलेले असते. याच कारणासाठी आदिवासी कुटुंबांकरिता १९७८ मध्ये राज्य शासनाने खावटी कर्ज योजना सुरू केली; मध्यंतरी बंद पडलेली ही योजना २०२० मध्ये अनुदानाच्या स्वरूपात पुन्हा आणून कुटुंबास ४,००० रु. (निम्मे रोख व निम्मे वस्तुरूपाने) देण्याचे ठरले. वार्षिक सरासरीत हे चढउतार बुजतात; म्हणून येथे मासिक मापन आवश्यक ठरते.

पावसाळ्याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागते. पहिल्या पावसाबरोबर शेवळे, कुरडू, टाकळा, भारंगी, करटोली इ. रानभाज्या मिळू लागतात. ओहोळांत मासे व खेकडे सापडतात. उन्हाळ्यात करवंदे व जांभळे असतात. भाज्या, फळे व प्राणिज अन्न हे टोपलीतील तीन गट काही आठवडे तरी रानातून भरून निघतात. बाजारात त्यांची आवक झाली, तरच त्यांना भाव असतो. घरी खाल्लेल्या भाजीची नोंद कोणत्याही भावपत्रकात होत नाही. याउलट, ती भाजी खुडण्यास लागणारा स्त्रियांचा वेळ व श्रम यांचीही किंमत धरली जात नाही. पावसाळ्यापूर्वी साठवून ठेवलेली सुकट, जवळा, बोंबील ही सुकी मासळी प्राणिज अन्नाचा एक स्वस्त स्रोत असून आहारटोपली बनविताना तिला वगळल्यास खर्च अवास्तव फुगतो.

स्थानिक मापनातील अडचणी : किंमत निर्देशांक राज्याच्या ग्रामीण भागासाठी एकत्रित प्रसिद्ध होतो, तालुक्याचा निर्देशांक प्रसिद्ध होत नाही. दैनंदिन भावनोंदीची केंद्रे प्रायः शहरांत असतात आणि बाजार समितीचे भाव घाऊक असतात. सिद्धगडच्या पायथ्याच्या वाडीपर्यंत भाजी पोहोचते, तेव्हा तिच्या भावात वाहतूक, नासाडी व दोन-तीन हातांचा नफा मिसळलेला असतो. त्यामुळे कल्याणच्या भावावरून वाडीतील ताटाचा खर्च काढणे चुकीचे ठरते.

अशा भागात मापन करावयाचे झाल्यास आठवडे बाजार हे नोंदीचे स्वाभाविक ठिकाण होय. तेथे वस्तू किलोप्रमाणेच जुडी, वाटा, टोपली, शेर व पायली अशा मापांनी विकल्या जातात. जुडीचा भाव दहा रुपये कायम राहतो व जुडी बारीक होते. म्हणून प्रत्येक वेळी नमुना तोलून ग्रॅममागील भाव काढावा लागतो. देठ, साल, काटे वजा करून खाण्याजोगा भाग धरावा लागतो. बाजार उठण्याच्या वेळी भाव उतरतात. म्हणून नोंदीची वेळ निश्चित असावी लागते. एखादा पदार्थ बाजारात नसल्यास मागील महिन्याचा भाव पुढे ओढू नये, तर ‘उपलब्ध नाही’ अशी नोंद करावी. कारण न मिळणे ही महागाईपेक्षाही गंभीर बाब आहे. बाजारास जाण्यायेण्याचे भाडे व बुडालेली मजुरी यांची स्वतंत्र नोंद ठेवल्यास दुर्गम वाडीचा खरा खर्च समजतो. पंचवीस-तीस पदार्थांची अशी मासिक नोंद प्रशिक्षित स्थानिक व्यक्तीस करता येण्याजोगी आहे.

शासकीय योजनांशी संबंध : पोषण योजनांमध्ये अन्नाचे प्रमाण ग्रॅममध्ये व कॅलरीत ठरते आणि तरतूद मात्र रुपयांत होते. या दोहोंमधील दुवा म्हणजे बाजारभाव. एकात्मिक बालविकास सेवा योजनेत सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकास रोज ५०० कॅलरी व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने देण्याचे प्रमाण होते व त्यासाठी २०१७ मध्ये बालकामागे रोज ८ रु. दर ठरविण्यात आला. गरोदर व स्तनदा मातांसाठी तो ९.५० रु. व तीव्र कुपोषित बालकांसाठी १२ रु. होता. रुपयांतील दर गोठलेला राहिला व भाव वाढत गेले, तर कागदावरील ५०० कॅलरी तशाच राहतात. वरण पातळ होते, भाजीचे प्रमाण घटते.

शालेय पोषण आहारात या दुव्याची दखल काही प्रमाणात घेतली गेली आहे. प्राथमिक शाळेतील मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल असे प्रमाण आहे. धान्याव्यतिरिक्त सामग्रीचा दर ऑक्टोबर २०२२ मध्ये ५.४५ रु. होता; तो डिसेंबर २०२४ पासून ६.१९ रु. व १ मे २०२५ पासून ६.७८ रु. करण्यात आला. मे २०२५ ची वाढ ग्रामीण मजुरांच्या किंमत निर्देशांकातील संबंधित पदार्थांच्या भावांवरून काढण्यात आली होती. भावनोंदीचा पोषणासाठी थेट उपयोग केल्याचे हे उदाहरण होय, परंतु ५.४५ रुपयांचा दर दोन वर्षांहून अधिक काळ तसाच राहिला, यावरून मापनाबरोबर नियमित फेरआढाव्याचीही गरज दिसून येते.

महाराष्ट्र शासनाने अनुसूचित क्षेत्रातील गरोदर व स्तनदा मातांना दिवसातून एक चौरस आहार देण्यासाठी २०१५ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. तिच्या प्रारंभी एका जेवणासाठी सरासरी २२ रु. खर्च धरण्यात आला होता. भात, पोळी किंवा भाकरी, डाळ, पालेभाजी, लाडू व अंडे अथवा केळी असे या जेवणाचे स्वरूप असल्याने त्याचा खर्च प्रामुख्याने डाळ, भाजी, शेंगदाणे व अंडी यांच्या भावांवर ठरतो आणि हे भाव तालुक्यातालुक्यांत सारखे नसतात. राज्यभर एकच दर ठेवल्यास बाजारापासून दूर असलेल्या वाडीतील अंगणवाडीला तेवढ्याच पैशात कमी अन्न मिळते. स्थानिक आहारखर्चाची मालिका हाती असल्यास अशी तूट वेळीच दाखवून देता येईल.

मर्यादा : आहार परवडतो, याचा अर्थ तो घेतला जातो असा नव्हे. आवड, सवय, वेळ, सरपण व पाणी यांचाही आहारावर प्रभाव पडतो. कुटुंबात अन्नाची वाटणी समान नसते. सर्वांत शेवटी जेवणाऱ्या स्त्रीच्या ताटात काय उरते, हे बाजारभाव सांगू शकत नाहीत. दूषित पाणी व वारंवार होणारे आजार यांमुळे खाल्लेल्या अन्नाचाही शरीरास पुरेसा उपयोग होत नाही. स्वस्तात स्वस्त पदार्थांची टोपली ही खर्चाची खालची सीमा असते. प्रत्यक्षात कोणतेही कुटुंब इतक्या काटेकोरपणे खरेदी करीत नाही. म्हणून या मापनातून कोण कुपोषित आहे हे ठरत नाही. त्यासाठी वजन-उंची व आहारसेवन यांच्या पाहण्या कराव्या लागतात. कोणास पोषक आहार घेणे मुळातच अशक्य आहे, एवढे मात्र ते निश्चित दाखविते. जेथे अशी अशक्यता आहे तेथे आहाराविषयीचे प्रबोधन एकट्याने निष्फळ ठरते. हातात पैसा नसलेल्या मातेस दूध, डाळ व फळे यांचे महत्त्व पटवून देण्यापूर्वी, त्या दिवशीच्या बाजारात त्यांचा भाव व तिची त्या दिवसाची मजुरी यांची बेरीज-वजाबाकी करून पाहणे आवश्यक असते. नवरोजींच्या काळी ही तुलना कैद्याच्या शिध्याशी करावी लागली. आज तिच्यासाठी शास्त्रीय आहारमाने, भावनोंदीच्या यंत्रणा व गणनेची साधने उपलब्ध आहेत. त्यांची सांगड वाडीच्या पातळीवर घालणे हे कार्य अद्याप बहुतांशी शिल्लक आहे.